१ मेचा दिनविशेष लिहिताना या चुका टाळा

आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर रोजचा दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आहे. एरवी लोक जाता जाता नजर टाकतात, पण १ मेला थांबून वाचतात. काही वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं: 'आज जागतिक कामगार दिन. १ मे १८८६ रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्बस्फोट होऊन कामगार शहीद झाले.' उमेदीची सगळी वर्षं गिरणीत काढलेले एक आजोबा ते वाचून आत आले आणि म्हणाले, "बाई, बॉम्ब चार तारखेला पडला. एक तारखेला संप होता."

त्या दिवसापासून १ मेचा फळा मी आदल्या आठवड्यापासून तयार करते. एका तारखेवर इतके दिवस येऊन बसले आहेत की एकाचा इतिहास दुसऱ्याला चिकटतोच, आणि ज्यांचा तो दिवस असतो त्यांना ते लागतं.

संप, गोळीबार आणि बॉम्ब एका तारखेत कोंबणं

आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी अमेरिकेत संप सुरू झाला तो १ मे १८८६ ला. ३ मेला शिकागोत मॅकॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या. त्याच्या निषेधाची सभा ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकात भरली. सभा संपत आली असताना पोलीस ती उधळायला आले आणि त्यांच्यावर बॉम्ब पडला. त्यात पोलीस मेले, मग पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मेली. बॉम्ब कुणी टाकला ते कधीच सिद्ध झालं नाही. तरी आठ जणांवर खटला चालला आणि चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी दिलं. १८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी तुरुंगात उरलेल्या तिघांना माफी दिली, खटलाच न्याय्य नव्हता असं सांगून.

म्हणजे १ मे ही संपाची तारीख आहे, स्फोटाची नाही. हा दिवस देशोदेशी पाळायचं ठरलं १८८९ मध्ये, पॅरिसच्या समाजवादी परिषदेत, आणि पहिल्यांदा पाळला गेला १८९० मध्ये. फळ्यावर एकच ओळ मावत असेल तर 'आठ तासांच्या दिवसासाठी संप' एवढंच लिहा. ते खरंही आहे आणि पुरेसंही.

'जगभर' हा शब्द सैल हाताने वापरणं

ज्या देशात हे घडलं त्या अमेरिकेतच १ मेला कामगार दिनाची सुट्टी नसते. तिथला लेबर डे १८९४ च्या कायद्याने सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो. कॅनडातही तसंच. न्यूझीलंडमध्ये तो ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी, ऑस्ट्रेलियात राज्यागणिक वेगळा, आणि जपानमध्ये २३ नोव्हेंबरला श्रमाप्रति कृतज्ञतेचा दिवस. ब्रिटनमध्ये मेच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे ती कधी १ तारखेला येते, बहुतेकदा नाही. तेव्हा न्यू जर्सीतल्या भाचीला सकाळीच 'आज सुट्टी ना?' असं विचारू नका, ती ऑफिसला निघालेली असते. 'अनेक देशांत' म्हटलं की वाक्य बरोबर होतं.

भारतातला पहिला कामगार दिन १९२३ मध्ये मद्रासला सिंगारवेलु चेट्टियार यांच्या पुढाकाराने साजरा झाला. इथे आपल्याकडे आणखी एक गल्लत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव १ मेशी जोडलं जातं. लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती १० जून १८९० ला. रावबहादूर लोखंडे १८९७ मध्ये वारले, मद्रासच्या त्या कार्यक्रमाच्या २६ वर्षं आधी. त्यांची आठवण १ मेला जरूर काढावी, पण रविवारची सुट्टी १ मेला मिळाली असं लिहू नये.

महाराष्ट्र दिनाचा आकडा आणि हुतात्म्यांची तारीख

'कितवा महाराष्ट्र दिन?' या प्रश्नावर दरवर्षी दोन उत्तरं फिरतात. हिशेब साधा आहे. १ मे १९६० ला राज्य झालं, १९६१ ला पहिला वर्धापन दिन. चालू वर्षातून १९६० वजा करा, जो आकडा येईल तितकावा वर्धापन दिन. सुवर्णमहोत्सव २०१० ला झाला तो याच हिशेबाने.

दुसरी चूक जास्त बोचते. '१ मेला १०६ जणांनी प्राण दिले' असं वाक्य शाळेच्या भाषणांत सर्रास ऐकू येतं. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवरचा फ्लोरा फाउंटनचा, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकातला, गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५ चा. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर पुन्हा गोळ्या चालल्या. १ मे हा त्या बलिदानाला फळ आलं तो दिवस. म्हणून मुख्यमंत्री त्या दिवशी हुतात्मा चौकात अभिवादन करतात, आणि २१ नोव्हेंबर वेगळा पाळला जातो. आकड्याबद्दलही जरा जपून: जुन्या लिखाणात १०५ आढळतो, पुढे १०६ रूढ झाला, काही याद्यांत १०७ आहेत. हुतात्मा चौकातल्या स्मारकावर शेतकरी आणि कामगार मिळून मशाल धरून उभे आहेत. १ मेचे दोन्ही दिवस एकाच शिल्पात पाहायचे असतील तर ते तिथे दिसतात.

आणि गुजरात दिन विसरू नका. एकाच कायद्याने, एकाच दिवशी दोन राज्यं झाली. तिकडे इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ झाली होती. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मोटीबेन फळ्यावर त्यांच्या राज्याची ओळ दिसली की मुद्दाम आत येऊन सांगून जातात.

गोव्यातल्या मराठी मित्रांना महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा पाठवतानाही थोडा विचार करा. त्यांचा घटकराज्य दिन ३० मेला असतो, १९८७ पासूनचा. बेळगावला पाठवताना तर जास्तच. तिथे १ नोव्हेंबरला सरकारी राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी सीमाभागातले मराठी लोक काळा दिन पाळतात. तिथल्या घरात १ मेची शुभेच्छा कशी वाचली जाईल ते आपण ओळखायला हवं.

मराठीच्या दिवसांतही घोळ होतो. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, हा मराठी भाषा गौरव दिन. मराठी राजभाषा दिन मात्र १ मे. फेब्रुवारीत 'राजभाषा दिनाच्या शुभेच्छा' लिहून मोकळे झालेले लोक मे महिन्यात गप्प असतात.

नावं सारखी, गोष्टी वेगळ्या

विमानं-जहाजांची 'मेडे, मेडे' ही संकटाची हाक १ मेवरून आलेली नाही. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून ती १९२० च्या दशकात घेतली गेली. वसईकडचे वाचक असतील तर हेही लक्षात ठेवा: १ मेचा सण 'कामकरी संत योसेफ' यांचा, पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये सुरू केलेला. संत योसेफांचा मोठा सण १९ मार्चला असतो.

युरोपातला १ मे कामगार दिनाहून कितीतरी जुना, वसंताचा आहे. पॅरिसमध्ये त्या दिवशी रस्त्यावर मुगे नावाच्या छोट्या पांढऱ्या, घंटेसारख्या फुलांच्या जुड्या विकतात आणि लोक एकमेकांना देतात. प्रागला बहरलेल्या चेरीच्या झाडाखाली चुंबन घ्यायची रीत आहे. हेलसिंकीत ३० एप्रिलच्या संध्याकाळीच विद्यार्थी हाविस अमांडाच्या पुतळ्याला पांढरी टोपी घालतात. हवाईत फुलांच्या माळांचा लेई डे. यांतलं एखादं तरी फळ्यावर असावं असं मला मनापासून वाटतं, कारण मुलं तीच ओळ वहीत उतरवून घेतात.

गेल्या वर्षीची यादी तशीच उतरवणं

तिथीने येणारे दिवस सरकतात. बुद्ध पौर्णिमा २०२५ मध्ये १२ मेला होती, २०२६ मध्ये नेमकी १ मेला आली. त्यातही आपल्या पंचांगावरून 'आज सगळ्या जगात' म्हणू नका: सिंगापूरने २०२६ चा वेसाक, म्हणजे तिथली बुद्ध पौर्णिमा, ३१ मेला धरला. २०२७ मध्ये आपली बुद्ध पौर्णिमा २० मेला आहे, तेव्हा २०२६ च्या फळ्याचा फोटो काढून ठेवला असेल तर ती एक ओळ आधी पुसा.