सेवाकेंद्रातला थांबण्याचा वेळ कसा मोजावा

रांगेत उभ्या असलेल्यांना "किती वेळ झाला?" असं विचारत फिरू नका. सर्वेक्षणात हमखास होणारी चूक हीच. ज्याचं काम ५ मिनिटांत होतं तो तुमच्या नजरेला पडण्याआधीच निघून जातो. २ तास ताटकळलेला मात्र नक्की सापडतो. त्यामुळे सरासरी फुगते आणि अहवाल पहिल्याच बैठकीत निकालात निघतो.

त्याऐवजी दारातच मोजणी धरा. आत येणाऱ्या दर पाचव्या माणसाच्या हाती क्रमांकाची चिठ्ठी द्या, तिच्यावर येण्याची वेळ लिहा. खिडकीशी पोहोचल्याची वेळ दुसऱ्या सहकाऱ्याने टिपायची. दोघांची घड्याळं सकाळीच जुळवून घ्या. कंटाळून परत जाणाऱ्यांची चिठ्ठी बाहेर पडताना घ्या आणि त्यांची नोंद वेगळी ठेवा. ही माणसं गाळली तर सेवा आहे त्याहून चांगली दिसते, आणि अन्याय नेमका त्यांच्यावरच होतो.

टक्केवारी सांगायची असेल तर ९५ टक्के विश्वासपातळी आणि ±५ टक्के त्रुटीसाठी (म्हणजे अशी शंभर सर्वेक्षणं केली तर साधारण ९५ मध्ये तुमचा आकडा खऱ्या आकड्याच्या ५ टक्के इकडेतिकडे राहावा, यासाठी) साधारण ३८५ नोंदी लागतात. ±१० चालत असेल तर ९७ पुरतात. मोजणी एकाच दिवशी उरकू नका, आठवड्याचे सगळे वार आणि दिवसाचे सगळे तास त्यात येऊ द्या. पहिला दिवस सरावाचा धरा, कारण कोणी पाहतंय म्हटल्यावर कर्मचाऱ्यांचा हात भरभर चालतो.

अहवालात सरासरीसोबत मध्यक, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, द्याच. १०, १२, १५, १८ आणि १२० मिनिटं: सरासरी ३५, मध्यक १५.