हाताला काम द्या, मग फोटो काढा

आमच्या आर्वी तालुक्यातल्या खेड्यांत माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांचा कॅमेऱ्याशी संबंध आला तो आधार कार्डापुरता. म्हणून ते तसेच बसतात: पाठ ताठ, हात मांडीवर, श्वास रोखलेला. "मोकळे बसा" म्हटलं की आणखी आखडतात. त्यांचं काही चुकत नाही. रिकाम्या हातांनी मोकळं कसं बसायचं, हे कुणालाच सांगून जमत नाही.

म्हणून मी आधी हातांकडं पाहतो. आजीला सुपात तूर निवडायला देतो, नाहीतर वाती वळायला कापूस. आबांच्या हाती अडकित्ता. लग्नाच्या बायोडाटासाठी आलेल्या पोरीच्या हाती सूप दिलं तर तिची आई मला हाकलून देईल. तिला दाराची चौकट धरायला सांगतो, बांगड्या सारख्या करायला सांगतो. काम सुरू झालं तरी थोडा वेळ कॅमेरा खालीच ठेवा. हात रुळले की फोकस धरून तयार राहा आणि हाक मारा. हाक ऐकून मान वर होते तेव्हा चेहऱ्यावर अजून काही 'धरलेलं' नसतं. तेवढ्यातच शटर दाबायचं.

"हसा" हा शब्द मी वापरत नाही. बोलतं करतो, पण विषय निवडून. कापसाचा भाव विचारू नका; कपाळावर आठ्या येतात आणि अर्धा तास तोच विषय चालतो. बैलजोडीची नावं विचारा. पोळ्याला झडती, म्हणजे बैलांपुढं म्हणायचं गाणं, कोण म्हणायचं, ते विचारा. "आबा, एखादी झडती म्हणून दाखवा नं" म्हटलं की आधी लाजतात, मग सरसावून आवाज चढवतात, आणि शेवटच्या ओळीनंतर जे हसू येतं ते सांगून येत नाही. बोलणं चालू असताना मात्र क्लिक करू नका, ओठ वेडेवाकडे येतात. वाक्य संपू द्या.

खरा त्रास समोर बसलेल्याचा नसतोच, भोवती जमलेल्यांचा असतो. "काऊन अशी बसली वं, हास नं जराशी!" असं नणंदेनं म्हटलं की त्या दिवशीचा फोटो गेला. मोठ्या काकूंना मी चहा ठेवायची विनंती करतो, पोट्ट्यांच्या हाती चेहऱ्यावर उजेड परतवायला पांढरा थर्माकोल धरायला देतो. बाईमाणसाचा फोटो असेल तर तिच्या आवडीचं एकच माणूस थांबवा आणि त्याला तुमच्या खांद्यामागं उभं करा; नजर आपोआप कॅमेऱ्याजवळ येते. पदर, केस, टिकली तुम्ही हात लावून नीट करू नका. सोबतिणीला सांगा.

सूचना कमीत कमी. डावं-उजवं सांगण्यापेक्षा समोर उभं राहून स्वतः करून दाखवा. "हनुवटी खाली" म्हटलं की मान आत जाते आणि गळ्याला वळ्या पडतात. "कपाळ जरा माझ्याकडं आणा" म्हणा. बाजेवर बसवलं की माणूस खोल जातो, पोक येतो. लाकडी स्टुलाच्या कडेवर बसवा, खांदे थोडे तिरपे. डोळे सारखे मिटत असतील तर मिटूनच ठेवायला सांगा आणि तीन म्हटल्यावर उघडायला लावा. म्हातारी माणसं पुष्कळदा हसरा फोटो नाकारतात, "दात दिसून रायले" म्हणून. भिंतीवर लावायला त्यांना गंभीरच हवा असतो. तोही मन लावून काढून द्या, वाद घालू नका.

आता आमचं ऊन. मे महिन्यात नऊनंतर उघड्या अंगणात कुणाला बसवूच नका. डोळे बारीक होतात, भुवयांखाली काळं साचतं. पडवी बरी. उंबऱ्याच्या हातभर आत, तोंड अंगणाकडं. अंगणातल्या उन्हाचा उजेड परतून चेहऱ्यावर येतो आणि घरातला अंधार मागं आयता पडदा होतो. हिरव्या शेडनेटखाली किंवा निळ्या ताडपत्रीखाली बसवलं तर तो रंग कातडीवर उतरतो, नंतर काढता काढता जीव जातो. डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसायला हवा. नसेल तर चेहरा उजेडाकडं वळवा, नाहीतर मांडीवर थर्माकोल आडवा ठेवा. घडी घातलेलं पांढरं धोतरही चालतं.

सावळा चेहरा, पांढरी टोपी, पांढरं धोतर असलं की कॅमेरा पांढऱ्याला भिऊन सगळाच फोटो काळपट करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, +०.७ च्या आसपास वाढवा, टोपीची वीण दिसेनाशी झाली तर थोडं मागं या, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा; नंतर उजेड सुधारता येतो. "गोरं करून द्या" ही मागणी बायोडाटावाल्यांकडून येतेच. मी उजेड सुधारतो, रंगाला हात लावत नाही.

लेन्स महागडी लागत नाही. साध्या क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ/१.८ लेन्स पुरते. सहा फुटांवर बसा, उभे राहू नका, म्हणजे कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. लेन्सचं तोंड (अ‍ॅपर्चर) एफ/२.८, शटर १/२५० सेकंदाच्या आसपास, फोकस जवळच्या डोळ्यावर. मोबाइल असेल तर दोनपट झूम वापरा आणि मागं सरा. झूम न करता तोंडाजवळ गेलात तर नाक मोठं येतं. स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस लॉक होतो, मग बोट वर-खाली सरकवून उजेड ठरवा.

पहिला बरा फोटो आला की लगेच दाखवा, पण एकच. सगळे दाखवत बसलात तर पोरी प्रत्येक फोटोत गाल शोधतात आणि पुन्हा आखडतात.