डीएनएच्या जोड्या बांधताना सिग्मा सांभाळा

रेणूच्या रचनेचा डेटा 3 अँगस्ट्रॉमच्या आसपासचा, म्हणजे जरा धूसर असेल तर रिफाइनमेंटमध्ये (मॉडेल डेटाशी जुळवत सुधारताना) डीएनएच्या बेस-जोड्या हळूहळू वाकड्या होत जातात. मग हायड्रोजन बंधांवर रिस्ट्रेंट (अंतर ठराविक मापाजवळ धरून ठेवणारी बंधनं) लावावेच लागतात: जी-सीला तीन, ए-टीला दोन, अंतर साधारण 2.9 अँगस्ट्रॉम. पण प्रोग्रामने आपोआप काढलेली जोड्यांची यादी आधी नजरेखालून घाला. ताळगावच्या पठारावर धो धो पाऊस, लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून घाईत मी ते टाळलं. टोकाचा सुटा टी भलत्याच ए-ला जखडला गेला. भूमिती झकास, पण कूटमध्ये (मॉडेल आणि डेटा ताडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) बेसवर लाल डाग, म्हणजे इथे अणू नकोत, आणि बाजूला हिरवा, म्हणजे इथे हवेत!

सिग्मा म्हणजे रिस्ट्रेंटला दिलेली ढील; ती लहान म्हणजे गाठ घट्ट. माटोळीत (चतुर्थीला गणपतीच्या वर फळंफुलं बांधतात त्या चौकटीत) सुपारीचा घड बांधतो तसं धरा: पडू नये इतकं घट्ट, देठ कापेल इतकं नको. बी-डीएनएची (डीएनएच्या नेहमीच्या रूपाची) शर्करा बहुधा सी2'-एंडो या घडीत असते. पण प्रथिनाने वाकवलेल्या जागी तिला सी3'-एंडो या दुसऱ्या घडीची मोकळीक हवी. प्रत्येक बेस आपापल्या पातळीत सपाट ठेवा. दोन्ही बेसना मिळून एकच पातळी मात्र लादू नका, कारण जोडीतला पंख्यासारखा पीळ खराच असतो.