हॉकीपटूचे चरित्र कसे लिहावे : राणी रामपालच्या कारकिर्दीच्या आधारे

महिला हॉकीपटूंवर मराठीत येणारे बहुतेक लेख घरच्या गरिबीपासून सुरू होतात, पुरस्कारांच्या यादीपाशी थांबतात आणि मधले हॉकी त्यांतून गळून जाते. खेळाडू कोणत्या जागी खेळत होती, संघ अडचणीत असताना तिने काय केले, हे वाचकाला कळतच नाही. शाळेच्या वार्षिकांकासाठी किंवा वृत्तपत्राच्या क्रीडापानासाठी असे चरित्र लिहिणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून भारताची माजी कर्णधार राणी रामपाल हिचे उदाहरण घेऊन माझी पद्धत येथे मांडतो.

आधी नाव नीट समजून घ्यावे. रामपाल हे राणीचे आडनाव नसून वडिलांचे नाव आहे. त्यामुळे ‘रामपालने गोल केला’ असे लिहिले, की तो गोल वडिलांच्या खात्यात जमा होतो. पहिल्या उल्लेखानंतर ‘राणी’ असेच लिहावे, आणि एकेरी की आदरार्थी हे एकदा ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवावे.

त्यानंतर जन्मतारीख आणि स्पर्धांच्या तारखा शेजारी मांडून वयाचा हिशेब स्वतः करावा. राणीचा जन्म ४ डिसेंबर १९९४ रोजी हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात, शाहाबाद मारकंडा या गावी झाला. रशियातील कझान येथे एप्रिल २००८ मध्ये झालेल्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेतून ती वरिष्ठ संघात आली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती असे सर्वत्र छापले जाते. पण त्या वेळी तिला तेरा वर्षे पूर्ण होऊन चौदावे लागले होते. ‘चौदाव्या वर्षी’ हा मराठी प्रयोग येथे अचूक बसतो, ‘चौदा वर्षांची’ हा बसत नाही.

गरिबीचा प्रसंग टाळू नये, मात्र तो एकदाच आणि खेळाडूच्या स्वतःच्या सांगण्यानुसार द्यावा. शाहाबादच्या हॉकी अकादमीत प्रत्येक मुलीने अर्धा लिटर दूध आणायचे असे. गाडा ओढणाऱ्या वडिलांच्या कमाईत दोनशे मिलिलिटरच परवडे, तेव्हा त्यात पाणी घालून ते प्यायचे, ही आठवण राणीने स्वतः सांगितली आहे. याच्या पुढचा प्रश्न अधिक मोलाचा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो : एकाच लहान गावातून राणी, नवज्योत कौर आणि नवनीत कौर अशा खेळाडू कशा निघाल्या? त्याचे उत्तर शोधताना तेथील प्रशिक्षक बलदेव सिंग यांच्याकडे आणि त्यांच्या कडक शिस्तीच्या सरावाकडे जावेच लागते. एकट्या मुलीच्या जिद्दीची गोष्ट सांगताना ही व्यवस्था झाकली जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

चरित्राचा गाभा म्हणजे सामने. सगळे सामने सांगण्याऐवजी दोन-तीन निवडून ते खोलात सांगावेत, आणि निवडताना विजयाचाच हट्ट धरू नये. माझी निवड भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०१९ रोजी झालेल्या सामन्याची असेल, जो भारत १-४ असा हरला. टोकियो ऑलिंपिकची पात्रता अमेरिकेविरुद्धच्या दोन सामन्यांतील एकूण गोलांवर ठरणार होती. पहिला सामना भारताने ५-१ असा जिंकला होता; दुसऱ्यात अमेरिकेने मध्यंतरापर्यंतच चार गोल करून बेरीज ५-५ अशी आणली. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला राणीने गोल केला आणि भारत ६-५ अशा बेरजेवर ऑलिंपिकला गेला. हे गणित वाचकाला समजावून दिल्याशिवाय पराभूत संघ जल्लोष का करतो आहे, हे त्याला उमगणार नाही. राणी आघाडीला खेळत असल्याने गोल करणे हे तिचे काम होतेच. त्या दिवशी ते कोणत्या ओझ्याखाली झाले, ते दाखवणे लेखकाचे काम आहे.

कर्णधाराचे चरित्र लिहिताना इतरांचे श्रेय तिच्याकडे वळवण्याचा मोह होतो. टोकियोत २ ऑगस्ट २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाला १-० असे हरवणारा गोल पेनल्टी कॉर्नरवर (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळणाऱ्या फटक्यावर) गुरजीत कौरने केला, तो टिकवला गोलरक्षक सविता आणि बचावफळीने, आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धची हॅट्‌ट्रिक वंदना कटारियाची. स्पर्धेचे अधिकृत नाव ‘टोकियो २०२०’ असले तरी ती २०२१ मध्ये झाली, हेही स्पष्ट लिहावे. भारत तेथे चौथा आला आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्येही चौथाच आला होता. परंतु मॉस्कोत बहिष्कारामुळे महिलांचे सहाच संघ होते, तर टोकियोत बारा. ही नोंद न देता दोन्ही क्रमांक शेजारी ठेवणे वाचकाची दिशाभूल करते.

आकड्यांबाबत विशेष जपावे. राणीच्या निवृत्तीच्या वेळी सामन्यांची संख्या २५४ अशी दिली गेली, गोलांचे मात्र १२० आणि २०५ असे दोन आकडे छापलेले दिसतात. अशा वेळी आवडता आकडा न उचलता दोन्ही द्यावेत आणि कोणता कोणी दिला ते सांगावे.

पद्मश्री आणि खेलरत्न हे २०२० मधील सन्मान एका वाक्यात मावतात. त्याहून अधिक जागा टोकियोनंतरच्या काळाला द्यावी. दुखापत, २०२२ च्या विश्वचषक संघातून वगळले जाणे, २०२३ च्या आरंभी दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर पुनरागमन, पुन्हा संघाबाहेर, आणि अखेर २४ ऑक्टोबर २०२४ रोजी निवृत्ती : तीन वर्षांचा हा पट्टा बहुतेक लेखांत कोराच असतो. निवृत्तीनंतर तिची २८ क्रमांकाची जर्सी हॉकी इंडिया या राष्ट्रीय संघटनेने कायमची बाजूला ठेवली, हा तपशील या काळानंतर आला तरच त्याचे वजन कळते.

हीच पद्धत आपल्याकडच्या खेळाडूंसाठी वापरताना साधने बदलतात. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार, पुण्याची एलायझा नेल्सन हिच्या काळातील सामन्यांचे चित्रीकरण सहज मिळत नाही. तेथे ग्रंथालयातील जुन्या दैनिकांच्या फायली उलगडाव्यात, गोलफलक हाताने उतरवून घ्यावेत आणि तिच्यासोबत खेळलेल्या खेळाडूंना भेटून प्रत्येक सामन्याबद्दल वेगवेगळे विचारावे.