जर्मनीत शनिवारीच पिशवी भरा

ऑफिसच्या कामासाठी तीन-चार महिने फ्रँकफर्टला जाताय? मग दूध, कांदे-बटाटे शनिवारीच आणून ठेवा. रविवारी सुपरमार्केटं बंद. अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनातलं दुकान उघडं मिळतं, पण तिथे ही गर्दी! रविवारी आवाजही चालत नाही. चटणी आदल्या दिवशीच मिक्सरमधून काढा.

आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या चुरगाळू नका. एकेकीवर २५ सेंट अनामत घेतलेली असते. सुपरमार्केटातल्या यंत्रात बाटली अख्खी, लेबलासकट सरकवायची. बारकोड वाचता आला नाही की यंत्र ती बाहेर ढकलतं. शेवटी येणारी चिठ्ठी काउंटरवर दिली की तेवढे पैसे बिलातून वजा. मी पहिले दोन आठवडे बाटल्या सवयीने पिळून कचऱ्यात टाकल्या.