पावसाचा खंड पडला की हळदीवर सेंद्रिय फवारणी करता? मंग या चुका टाळा

पावसानं पंधरा-वीस दिवस दडी मारली की सगळ्यांना एकदम फवारणी आठवते. तोवर वावरात जाऊन पान कोणी पाहत नाही, आणि पानांची सुरळी झाली की पंप पाठीवर घेऊन धावत सुटतात. राजेहो, सगळ्यात मोठी चूक हीच आहे. ताण बसला की पान आपली छिद्रं मिटून घेते, वरचा मेणाचा थर जाड होते, मंग कितीही मारा, आत जात नाही. फवारा पान ताठ आहे तेव्हाच मारायचा.

आमच्या समुद्रपूरकडे वायगाव हळद लावणारा एक भाऊ आहे, धुऱ्याला धुरा लागून वावर. ऑगस्टच्या खंडात त्यानं भर दुपारी सुकलेल्या हळदीवर गोमूत्र मारलं, तेही पंपाला दोन लिटर. म्हणे सेंद्रिय आहे, जास्त झालं तर काय बिघडते? दोन-तीन दिवसात पानाच्या कडा तपकिरी झाल्या, शेंड्याकडून जळत आत आल्या, बोटात धरलं की पापडासारखा चुरा. गोमूत्रात क्षार असतात, दुपारी पाणी उडून जाते आणि क्षार पानावरच बसतात. सेंद्रियनं जळत नाही हे कोणी सांगितलं? मी 15 लिटरच्या पंपाला अर्धा लिटरच घेतो, आणि सकाळी दव सुकल्यावर नाहीतर संध्याकाळी पाचनंतरच मारतो.

दुसरं, तणनाशकाचा पंप. टू-फोर-डी मारलेला पंप पाण्यानं खंगाळला की झाला साफ, असं समजणाऱ्यांचा मला खरंच राग येते. नळीत, वॉशरमध्ये ते राहतेच, आणि रताळ्याच्या वेलाचे शेंडे वाकडे व्हायला तेवढंच पुरते. पंप वेगळा ठेवा, त्यात काटकसर नको.

जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पाणी, दुहेरी फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल चोक होते. हळदीच्या पानावरून थेंब ओघळते, म्हणून रिठ्याचं पाणी टाका आणि पानाची खालची बाजू भिजवा. रताळ्यावर, गाजरावर नत्रवालं सारखं मारू नका, वर पालाच वाढते आणि खाली काही भरत नाही. शेवाळाचा अर्क डब्यावर लिहिला तेवढाच घ्या.

अन् फवारा म्हणजे ओलित नाही. आधी सरीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरा, मंग बाटल्या आणा. माती मुठीत दाबून गोळा होत नसेल तर त्या दिवशी पंप घरीच ठेवा, रात्री स्प्रिंकलर चालवा, सकाळी पानं उभी झालेली दिसली तरच फवारा.