स्टेशनजवळ घरांचं झोनिंग: बॉस्टनच्या उपनगरांत राहत असाल तर या चुका टाळा

मॅसॅच्युसेट्समधली 177 गावं आणि शहरं सध्या एकाच कायद्याखाली येतात. झोनिंग म्हणजे कोणत्या जागेवर काय आणि किती बांधता येईल, याचे गावाचे नियम. एमबीटीए ही बॉस्टनची रेल्वे-बस चालवणारी संस्था. जानेवारी 2021 मध्ये आलेल्या 'एमबीटीए कम्युनिटीज' कायद्याने तिच्या जाळ्यातल्या प्रत्येक गावाला झोनिंगमध्ये एक पट्टा आखायला लावला. तिथे तीन किंवा जास्त घरांची इमारत खास परवानगीशिवाय बांधता आली पाहिजे, एकरी किमान 15 घरं बसली पाहिजेत आणि गावात स्टेशन असेल तर पट्टा साधारण अर्ध्या मैलाच्या आत हवा. एकर म्हणजे 40 गुंठे. चाळीस गुंठ्यांत पंधरा घरं म्हटल्यावर ठाण्या-पुण्यातला माणूस हसेल. इकडे त्यावरून टाउन मीटिंगा, म्हणजे गावाचे ठराव मंजूर करणाऱ्या सभा, रात्री उशिरापर्यंत तापतात. या भागात घर घेतलेली मराठी कुटुंबंही दोन्ही बाजूंना दिसतात, आणि दोन्ही बाजूंकडून ठरावीक चुका होतात.

झोनिंग म्हणजे बांधकाम नव्हे

'आमच्या गावात हजार फ्लॅट येणार' हे वाक्य सभेत हमखास ऐकू येतं. कायदा घरं बांधायला सांगत नाही, बांधायची मुभा द्यायला सांगतो. राज्य मोजतं ती घरांची 'क्षमता', आणि ती जमीन रिकामी आहे असं धरून मोजली जाते. त्या जागेवर आज चालतं दुकान किंवा भरलेली कॉन्डो सोसायटी असली तरी हिशेबात फरक पडत नाही. म्हणून काही गावं मुद्दाम अशाच जागांवर पट्टा आखतात. कागद पास होतो, वीट हलत नाही.

उलट टोकाचा अनुभव लेक्सिंग्टनचा. स्टेशन नसलेलं हे गाव. राज्याची किमान मागणी 50 एकरांची असताना 2023 मध्ये त्यांनी 227 एकर खुले केले. बिल्डर खरोखरच आले, हजाराहून जास्त घरांचे प्रस्ताव आले, आणि मार्च 2025 मध्ये टाउन मीटिंगने क्षेत्र सुमारे 90 एकरांवर आणलं. तेव्हा 'काहीच होणार नाही' हेही गृहीत धरू नका. कोणती जमीन विकली जाण्याजोगी आहे, एवढा एक प्रश्न विचारला तरी दोन्ही बाजूंचा अंदाज सुधारतो.

नकाशावर भांडता, नियमांचा तक्ता वाचत नाही

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. रंगीत नकाशा भिंतीवर लागतो, सगळे आपली गल्ली शोधतात, आणि मागच्या पानावरचा साइड मार्जिन, पार्किंग, उंची यांचा तक्ता कुणी उघडत नाही. इमारत उभी राहणार की नाही, हे तो तक्ता ठरवतो.

एक हिशेब करून पाहू. प्लॉट 100 फूट बाय 100 फूट, म्हणजे 10,000 चौरस फूट. एकरी 15 या दराने इथे तीन घरं बसतात. आता चारही बाजूंनी 30 फूट सोडायचं ठरवलं, तर मधे उरतं 40 बाय 40, म्हणजे 1,600 चौरस फूट. त्यात दर घरामागे दोन गाड्यांची सक्ती केली की सहा गाड्या आल्या. गाडी वळवायच्या जागेसकट एकीला सव्वातीनशे चौरस फूट धरले तर जवळपास 1,950. मार्जिनमध्ये पार्किंगला बंदी असेल तर इमारत बाजूलाच राहिली, गाड्यासुद्धा मावत नाहीत. वर उंचीची मर्यादा अडीच मजल्यांची असेल तर गाड्या खाली आणि घरं वर हा मार्गही जवळजवळ बंद. राज्याच्या क्षमता मोजायच्या एक्सेल मॉडेलमध्ये अख्खा पट्टा पास झाला, तरी त्यातल्या प्रत्येक प्लॉटवर इमारत बसेलच असं नाही.

घरं व्हावीत असं वाटत असेल तर आपल्या भागातले दोन-तीन खरे प्लॉट घेऊन असं गणित प्लॅनिंग बोर्डापुढे, म्हणजे गावाच्या नियोजन मंडळापुढे, मांडा. चालत स्टेशन गाठता येणाऱ्या जागी घरामागे दोन गाड्या कशाला, हा प्रश्नही तिथेच विचारा. विरोध असेल तर निदान खरा आकडा धरून विरोध करा.

चांगल्या हेतूने घातलेल्या अटी

'प्रत्येक प्रकल्पाला स्पेशल परमिट (खास परवानगी) असू द्या, म्हणजे लक्ष राहील.' असं केलं तर पट्टा कायद्यात बसतच नाही. आराखड्याची छाननी ठेवता येते, पण ती मांडणी, वाहतूक, पाण्याचा निचरा अशा गोष्टींपुरती. तिच्या आडून नकार देता येत नाही. '55 वर्षांवरच्यांसाठीच ठेवा, शाळेवर ताण नको,' ही सूचनाही बाद. मुलं असलेल्या कुटुंबांना चालतील अशीच घरं कायद्याला हवी आहेत. चांगल्या शाळा पाहून या गावांत आलेल्यांनी ही सूचना करावी, याचं मला जरा नवलच वाटतं.

परवडणाऱ्या घरांचंही तसंच. दहा टक्के घरं त्यासाठी राखायची अट सहज घालता येते. वीस टक्क्यांपर्यंत जायचं तर प्रकल्प आर्थिकदृष्ट्या तरतो हे अभ्यासाने दाखवावं लागतं. सभेत टाळ्या मिळतात म्हणून टक्का वाढवत गेलात तर बिल्डर येणारच नाही, आणि शून्याचे वीस टक्के शून्यच.

'कोर्टाने उडवलंय, थांबू या'

बॉस्टनला लागून असलेल्या मिल्टन गावाचं प्रकरण अर्धवट ऐकून हा सल्ला दिला जातो. तिथे डिसेंबर 2023 मध्ये टाउन मीटिंगने आराखडा मंजूर केला आणि फेब्रुवारी 2024 च्या सार्वमतात मतदारांनी तो फेटाळला. राज्य सरकारच्या मुख्य कायदा अधिकारी, अ‍ॅटर्नी जनरल अँड्रिया कॅम्पबेल कोर्टात गेल्या. जानेवारी 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध असल्याचं आणि त्यांना तो राबवून घेता येतो असं सांगितलं. रद्द झाल्या त्या राज्याने या कायद्यासाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचना, कारण त्या नियम करण्याच्या रीतसर पद्धतीने काढल्या नव्हत्या. राज्याने काही दिवसांतच तातडीचे नियम आणले. थांबून हाती काही लागलं नाही.

मिल्टनकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. सभागृहातलं बहुमत म्हणजे गावाचं बहुमत नव्हे. घरांच्या झोनिंगला आता दोन तृतीयांशाऐवजी साधं बहुमत पुरतं, म्हणून घाईने ठराव रेटायचा मोह होतो. त्यात आणखी एक कलम लक्षात ठेवा: टाउन मीटिंगने झोनिंगचा ठराव एकदा नाकारला की प्लॅनिंग बोर्डाची अनुकूल शिफारस नसेल तर तो दोन वर्षं पुन्हा घेता येत नाही.

ग्रीन कार्डवर आहात म्हणून घरी बसणं

ओपन टाउन मीटिंग म्हणजे आपली ग्रामसभाच, पण मत फक्त नोंदणीकृत मतदाराला, म्हणजे नागरिकाला. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवाल्याला मत नाही. मात्र त्याआधी प्लॅनिंग बोर्डाची जाहीर सुनावणी होते, आणि तिथे कुणीही रहिवासी बोलू शकतो, लेखी म्हणणं देऊ शकतो. मार्जिन आणि पार्किंगचे आकडे बदलतात ते बहुधा याच टप्प्यावर. टाउन मीटिंगच्या रात्री दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही. सुनावणीची सूचना किमान 14 दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. ते वर्तमानपत्र आपल्याकडे येत नसेल, तर टाउन क्लार्कच्या कार्यालयात बैठकांच्या सूचना लावतात तिथे किंवा गावाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा, आणि मसुद्याची प्रत आधीच मागून घ्या.